देशाच्या विजेचे आकडे कसे वाचावेत

जुलै २०२५ मध्ये एक बातमी सर्वत्र झळकली. भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू आणि तेल यांच्यावर अवलंबून उरलेली नाही आणि २०३० साठी ठरवलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले आहे, असे तिचे सार होते. बातमी खरी होती. त्याआधीच्या आर्थिक वर्षात देशात तयार झालेल्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन युनिटे कोळशातून आली होती, हेही तितकेच खरे होते. ही दोन विधाने शेजारी ठेवली की वाचकाला वाटते, दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे. प्रत्यक्षात कोणीच खोटे बोलत नसते. दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. कोण काय मोजतो आहे हे ओळखण्याची रीत या लेखात सांगितली आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला गणनयंत्राचा चौकोन एवढे पुरेसे आहे.

मेगावॅट की युनिट, हे आधी विचारा

विहिरीवरच्या पंपाची अश्वशक्ती सांगितली म्हणून रानाला किती पाणी मिळाले ते कळत नाही. पंप किती तास चालला हे विचारावेच लागते. मेगावॅट आणि गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट) ही अशीच अश्वशक्ती आहे. एखादे केंद्र एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकेल, एवढेच त्यातून कळते. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते, आणि आपण बिल भरतो ते युनिटांचे. म्हणून बातमीत कोणताही आकडा दिसला की पहिल्यांदा त्याच्यापुढचा शब्द वाचावा. तो शब्द मेगावॅट किंवा गिगावॅट असेल तर बातमी क्षमतेची आहे. युनिट, दशलक्ष युनिट किंवा अब्ज युनिट असेल तर ती निर्मितीची आहे. हा शब्दच गाळलेला असेल, तर त्या बातमीवर वेळ घालवू नये.

पुढची पायरी गुणाकाराची आहे. वर्षात ८,७६० तास असतात. १,००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले असते तर ८७६ कोटी युनिटे तयार झाली असती. प्रत्यक्षात त्यातली किती झाली, त्या टक्केवारीला औष्णिक केंद्रांच्या बाबतीत भारांक आणि सौर-पवन प्रकल्पांच्या बाबतीत क्षमता वापर गुणांक म्हणतात. २०२३-२४ मध्ये देशातील कोळशावरच्या केंद्रांचा सरासरी भारांक ७० टक्क्यांच्या आसपास होता. सौर प्रकल्पांचा गुणांक तुम्ही स्वतः काढून पाहू शकता. मार्च २०२३ अखेर देशाची सौर क्षमता सुमारे ६७ गिगावॅट आणि मार्च २०२४ अखेर सुमारे ८२ गिगावॅट होती, म्हणजे वर्षाची सरासरी साधारण ७४ गिगावॅट धरता येईल. तिला ८,७६० ने गुणले की सुमारे ६५० अब्ज युनिटे येतात. प्रत्यक्षात त्या वर्षी सौर वीज तयार झाली सुमारे ११६ अब्ज युनिटे, म्हणजे १८ टक्क्यांच्या जवळपास. रात्र, ढग, धूळ आणि सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन लक्षात घेता यात कोणाचाही दोष नाही. घराच्या गच्चीवरही हेच प्रमाण दिसते. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे देते, आणि चोवीस तासांतले चार म्हणजे सहावा हिस्सा.

यातून एक हाताशी ठेवण्याजोगा ठोकताळा मिळतो. कोळशाचा १,००० मेगावॅटचा संच वर्षाला सुमारे ६१० कोटी युनिटे देतो आणि तितक्याच क्षमतेचा सौर प्रकल्प सुमारे १६० कोटी. म्हणून ‘इतक्या मेगावॅटचा सौर प्रकल्प तितक्याच क्षमतेच्या औष्णिक केंद्राची जागा घेईल’ असे वाक्य आले की मनातल्या मनात चाराने भागावे.

हाच हिशेब देशाला लावला की सुरुवातीचे कोडे सुटते. ३१ मार्च २०२४ रोजी भारताची स्थापित क्षमता सुमारे ४४२ गिगावॅट होती. त्यात जीवाश्म इंधनाशिवायची, म्हणजे कोळसा, वायू आणि तेल सोडून उरलेली (बिगर-जीवाश्म) क्षमता सुमारे १९९ गिगावॅट, म्हणजे ४५ टक्के होती. त्याच वर्षी एकूण निर्मिती सुमारे १,७३९ अब्ज युनिटे झाली आणि तीत या ४५ टक्के क्षमतेचा वाटा सुमारे २३ टक्के होता. एकाच देशाचे, एकाच वर्षाचे हे दोन आकडे आहेत. जाहिरातीत पहिला छापला जातो आणि टीकेत दुसरा.

टोपलीत काय काय घातले आहे

‘नवीकरणीय’, ‘बिगर-जीवाश्म’ आणि ‘हरित’ हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांच्या टोपल्या निराळ्या आहेत. बिगर-जीवाश्म या टोपलीत अणुऊर्जा येते, नवीकरणीय टोपलीत येत नाही. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांची कथा तर आणखी गमतीची आहे. मार्च २०१९ पर्यंत भारतात २५ मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय समजले जात; त्या महिन्यात केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांनाही तो दर्जा दिला, आणि एकही नवे टर्बाइन न बसवता देशाची नवीकरणीय क्षमता कागदावर कितीतरी गिगावॅटांनी वाढली. तेव्हा २०१८ आणि २०२० या वर्षांची तुलना करणारा आलेख समोर आला, तर मधली उडी कशाची आहे ते तपासून घ्यावे.

३० जून २०२५ चा तो पन्नास टक्क्यांचा आकडा उघडून पाहिला तर एकूण ४८४.८ गिगावॅटपैकी बिगर-जीवाश्म क्षमता २४२.८ गिगावॅट होती. त्यात सौर, पवन, जैवइंधन आणि लहान जलविद्युत मिळून १८४.६, मोठे जलविद्युत ४९.४ आणि अणुऊर्जा ८.८ गिगावॅट होती. अणुऊर्जेचा हिस्सा क्षमतेत दोन टक्क्यांहूनही कमी असतो, पण निर्मितीत तो तीन टक्क्यांच्या जवळ जातो, कारण अणुभट्टी रात्रंदिवस चालते. कारखान्यांनी स्वतःच्या वापरासाठी उभारलेली कोळशावरची वीजकेंद्रे या बेरजेत धरलेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

घड्याळ पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फसगत येथे होते, आणि सगळ्यात कमी चर्चाही येथेच होते. वर्षाच्या किंवा महिन्याच्या बेरजेत प्रत्येक युनिट सारखे दिसते. ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर मात्र दुपारी बाराचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल ढळला की विजेच्या प्रवाहाची वारंवारता (दर सेकंदाची आवर्तने) ५० हर्ट्‌झपासून सरकते, आणि हा तोल फारच ढळला तर काय होते ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतातील साठ कोटींहून अधिक लोकांनी अनुभवले आहे.

सौर वीज सकाळी हळूहळू चढते, दुपारी भरात असते आणि सूर्य कलताच दोन-तीन तासांत नाहीशी होते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, मिक्सर आणि टीव्ही सुरू होतात, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात. या उतरत्या सौर विजेची जागा त्या दोन-तीन तासांत दुसऱ्या कोणीतरी भरून काढावी लागते. आज हे काम बहुतांशी कोळशाचे संच करतात, काही प्रमाणात धरणे करतात. अडचण अशी, की कोळशाचा संच गॅसच्या शेगडीसारखा पटकन बंद-चालू करता येत नाही. म्हणून तो दुपारी पूर्ण न विझवता मंद ठेवावा लागतो, आणि किती मंद ठेवता येईल यालाही मर्यादा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केलेल्या विनियमांनुसार संचांनी आधी ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत खाली येण्याची तयारी ठेवायची आहे. दुपारी सौर वीज मुबलक असतानाही काही प्रकल्पांना निर्मिती कमी करण्यास सांगितले जाते, याचे एक कारण हेच आहे.

यावरून वाचनाचे तीन नियम निघतात. देशाच्या सर्वोच्च मागणीचा विक्रम छापून आला, उदाहरणार्थ ३० मे २०२४ चा २५० गिगावॅटचा, तर ती मागणी सूर्य असताना पुरवली की सूर्यास्तानंतर, हे शोधावे. ग्रिड चालवणारी ‘ग्रिड इंडिया’ ही सरकारी कंपनी रोजच्या अहवालात सौर तासांतील आणि सौर तासांव्यतिरिक्तची सर्वोच्च मागणी वेगळी देते. यंत्रणेची खरी कसोटी यातला दुसरा आकडा असतो.

दुसरा नियम साठवणुकीचा आहे. बॅटरी प्रकल्पाची बातमी वाचताना दोन आकडे मागावेत, कारण एका आकड्याने तिचे वर्णन होतच नाही. छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या सौर प्रकल्पाची बॅटरी ४० मेगावॅट आणि १२० मेगावॅट-तासांची आहे. म्हणजे ती ४० मेगावॅट वीज तीन तास देऊ शकते, चौथ्या तासाला ती रिकामी झालेली असते. केवळ ‘४० मेगावॅटची बॅटरी’ असे लिहिले असेल तर ती अर्धा तास टिकते की चार तास, हे कळायला मार्ग नाही. उदंचन जलविद्युत प्रकल्प ही साठवणुकीची जुनी आणि भरवशाची रीत आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात वरचा आणि खाली शहापूर तालुक्यात दुसरा जलाशय असलेले घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्र वीज मुबलक असताना पाणी वर चढवते आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडते. असे केंद्र जितकी वीज देते त्यापेक्षा जास्त खाते. म्हणून त्याची निर्मिती देशाच्या बेरजेत आंधळेपणाने मिळवू नये.

तिसरा नियम दराचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात सौर विजेचा दर प्रतियुनिट १.९९ रुपयांपर्यंत खाली आला, आणि तेव्हापासून कोळशाच्या दराशी त्याची तुलना करण्याची प्रथा पडली. ही तुलना अपुरी आहे. १.९९ रुपये हा ऊन असताना मिळणाऱ्या युनिटाचा, प्रकल्पाच्या दारातला दर आहे. रात्रीचे युनिट हवे असेल तर साठवणुकीचा खर्च त्यात मिळवावा लागतो. ‘चोवीस तास पुरवठ्या’च्या निविदांमधील दर हे तुलनेसाठी अधिक प्रामाणिक माप आहे.

हीच गोष्ट घरच्या बिलातही उतरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संयंत्रासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि नेट मीटरमुळे अनेकांचे बिल शून्याच्या जवळ येते. त्याचा अर्थ रात्रीचा पंखा सूर्यावर चालला असा होत नाही. दिवसा ग्रिडला दिलेली युनिटे रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा केली, एवढाच होतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांतला दर जास्त ठेवायचा आहे. आपल्या बिलावर वेळेनुसार दर लागू असेल, तर कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याचा पंप दुपारी चालवणे फायद्याचे ठरते. शेतकऱ्यासाठी हा प्रश्न पैशांपुरता नाही. आठवड्याआड येणाऱ्या रात्रपाळीच्या विजेमुळे अंधारात, सापाकिरड्याच्या आणि बिबट्याच्या भीतीत पिकाला पाणी देणाऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर (शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) दिवसा चालवण्याचा प्रयत्न करते, ती या कारणासाठी.

ऋतू आणि पाऊस

घड्याळाइतकेच पंचांगही पाहावे. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या असोत की तमिळनाडूतील असोत, भारतातील वाऱ्याची निम्म्याहून अधिक वीज नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या चार महिन्यांत येते. त्यामुळे जुलैच्या एका आठवड्यातील विक्रमावरून वर्षाचा अंदाज बांधू नये. पाऊस ओसरला, वारा पडला, उन्हाचा कडाका वाढला आणि खाणीत पाणी साचल्याने कोळसा कमी आला की कसा पेच पडतो, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. दुष्काळात औष्णिक केंद्रही सुटत नाही. २०१५ मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

वीज कोठे तयार होते, लागते कोठे

राजस्थानातील भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे, कर्नाटकातील पावगडा २,०५० मेगावॅटचे. ऊन आणि पडीक जमीन जेथे आहे तेथे कारखाने आणि शहरे नाहीत. म्हणून प्रकल्पाच्या बातमीबरोबर पारेषण वाहिनीची बातमी शोधावी. सौर उद्यान दीड-दोन वर्षांत उभे राहते. शेकडो किलोमीटरची उच्चदाब वाहिनी, तिची परवानगी आणि जमिनीचे वाद याहून अधिक काळ घेतात. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलला. मधल्या काळात अनेक प्रकल्प अडकून पडले होते. पक्षी महत्त्वाचा की तारा, या वादात मी शिरत नाही, पण हा तपशील वगळून ‘प्रकल्प रखडला’ एवढेच लिहिणारी बातमी अपुरी आहे. वाहिनीने किती फरक पडतो याचे आपल्या जवळचे उदाहरण रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी तिच्यामुळे दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि सारा देश एकाच वारंवारतेवर आला.

उद्दिष्टे शब्दशः वाचा

२०१५ मध्ये भारताने दोन उद्दिष्टे जाहीर केली होती. एक होते २०२२ पर्यंत १७५ गिगावॅट नवीकरणीय क्षमतेचे (सौर १००, पवन ६०, जैवइंधन १०, लहान जलविद्युत ५) आणि दुसरे २०३० पर्यंत क्षमतेतील ४० टक्के वाटा बिगर-जीवाश्म करण्याचे. पहिले हुकले, २०२२ संपताना क्षमता १२१ गिगावॅटच्या आसपास होती, सौर सुमारे ६३ आणि पवन सुमारे ४२. दुसरे २०२१ मध्येच, नऊ वर्षे आधी पूर्ण झाले. एकाच काळात, त्याच पॅनेलांच्या आणि त्याच पवनचक्क्यांच्या बळावर एक उद्दिष्ट नापास झाले आणि दुसरे अव्वल उत्तीर्ण झाले. फरक मोजपट्टीत होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के गरज नवीकरणीय स्रोतांतून भागवण्याचे सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये मान्य झालेल्या औपचारिक बांधिलकीत मात्र ‘स्थापित वीजक्षमतेच्या ५० टक्के, बिगर-जीवाश्म’ असे शब्द आहेत. ऊर्जेची गरज, वीजनिर्मिती आणि वीजक्षमता या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि जुलै २०२५ ची बातमी यातील सर्वांत सोप्या पायरीची होती. ती कामगिरी लहान नव्हे. २०१४ मध्ये तीन गिगावॅटच्या आत असलेली सौर क्षमता मार्च २०२५ मध्ये १०५ गिगावॅटच्या पुढे गेली, हे कोणत्याही मोजपट्टीने मोठेच आहे. २०३० साठीचे ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट याहून अवघड आहे आणि त्याच्याकडेच लक्ष ठेवावे.

वाट्याबरोबर राशीही पाहावी. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. नवीकरणीय विजेचा वाटा वाढत असतानाच हे घडू शकते, कारण मागणीही वाढते आहे. २०२३-२४ मधील भारताचा दरडोई वीजवापर सुमारे १,३९५ युनिटे होता, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या देशात अजून लाखो घरांत फ्रीज यायचा आहे, तेथे नवी सौर वीज आधी वाढीव मागणी भागवते आणि कोळसा कमी करण्याची पाळी नंतर येते. जर्मनी किंवा ब्रिटनच्या आलेखाशी आपला आलेख ताडून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

तयार झालेली वीज आणि बिलातली वीज

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि दुसरा तारेवर टाकायचा असतो. निर्मितीच्या आकड्यातून केंद्रांचा स्वतःचा वापर, वाहिन्यांतली गळती, चोरी आणि न भरलेली बिले वजा झाली की वितरण कंपनीच्या हाती पैसे येतात. एकत्रित तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी या अवजड नावाचा आकडा देशात २०२३-२४ मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास होता. ऊर्जा-संक्रमणाच्या लेखांत तो क्वचितच येतो, पण सौर प्रकल्पाचे पैसे वेळेवर मिळतील की नाही हे वितरण कंपनीच्या तिजोरीवर ठरते आणि ती तिजोरी या आकड्यावर.

रोजचा सराव

क्षमतेचे मासिक आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतात, रोजची निर्मिती आणि मागणी ग्रिड इंडियाच्या अहवालात. महाराष्ट्रापुरते पाहायचे असेल तर ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे पान सर्वांत बोलके आहे, कारण ते त्या क्षणीची स्थिती दाखवते. एका वहीत वेळ, मागणी, औष्णिक, सौर, पवन, जलविद्युत आणि वारंवारता असे रकाने आखावेत. एखाद्या साध्या दिवशी दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी साडेसातला ते पान उघडून आकडे उतरवून घ्यावेत. आठवडाभर हे केले की सौर रकाना संध्याकाळी शून्यावर येताना दिसेल, औष्णिक चढलेला दिसेल, आणि जलविद्युतच्या रकान्यात कोयनेचा आकडाही बहुधा वाढलेला असेल. सुमारे १,९६० मेगावॅटच्या कोयनेला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी एवढीच कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे, त्यामुळे ती दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवली जात नाही. वर्षाच्या सरासरीत तिचा गुणांक कमी दिसतो, आणि साडेसातच्या नोंदीत ती पोफळीच्या वीजघरासाठी पाणी का राखून ठेवते ते दिसते.